बिऱ्हाड कोठे थाटावे?

बदलीचा आदेश, कारखान्यातील नवी नेमणूक किंवा व्यापाराची नवी संधी यांपैकी कोणत्याही कारणाने एखादे कुटुंब आपला मुलूख सोडून दुसरीकडे निघते, तेव्हा कामाचे ठिकाण बहुधा दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. पण बिऱ्हाड, म्हणजे चूल, मुलांची दप्तरे, म्हाताऱ्यांची औषधे आणि भांड्याकुंड्यांसह चालणारा रोजचा संसार, कोठे थाटायचे हा निर्णय कुटुंबाच्या हाती उरतो. महाराष्ट्रात मे आणि जून हे बदल्यांचे महिने असल्यामुळे आणि शाळा जूनच्या मध्याला सुरू होत असल्यामुळे हा निर्णय आठ-पंधरा दिवसांत उरकला जातो, आणि तो उरकताना कमावत्या माणसाला कामावर जायला किती वेळ लागेल एवढा एकच हिशेब बहुतेक घरांत मांडला जातो. वास्तविक घरापासून सर्वांत लांब जाऊ शकणाऱ्या माणसापेक्षा सर्वांत कमी लांब जाऊ शकणाऱ्या माणसाच्या दिवसावरून घराची जागा ठरली पाहिजे. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात असलेल्या घोडेगावाच्या परिसराकडे या दृष्टीने पाहिले, तर एरवी केवळ महामार्गावरचे एक थांब्याचे ठिकाण वाटणारे हे गाव वेगळे दिसू लागते.

घोडेगाव अहिल्यानगर ते छत्रपती संभाजीनगर या महामार्गावर आहे. जिल्ह्याचे शहर, म्हणजे रोजच्या बोलण्यातले नगर, येथून सुमारे ३५ किलोमीटर, तर संभाजीनगर सुमारे ८० किलोमीटर अंतरावर आहे. नगरहून निघाल्यावर जेऊर, इमामपूरचा घाट आणि पांढरीपूल मागे पडले की घोडेगाव लागते, आणि पुढे वडाळा बहिरोबा व नेवासा फाटा ओलांडून रस्ता प्रवरासंगमाजवळ गोदावरीवर पोचतो. शनिशिंगणापूर येथून पाच-सहा किलोमीटरवर आहे आणि त्याच दिशेला पुढे मुळा सहकारी साखर कारखान्याचे व शिक्षणसंस्थांचे गाव म्हणून वाढलेले सोनई आहे. तालुक्याचे ठिकाण असलेले नेवासा प्रवरेच्या काठावर आहे, आणि महामार्गावरचा नेवासा फाटा व मूळ नेवासा या दोन वेगळ्या वस्त्या आहेत, हे नव्याने येणाऱ्याने सुरुवातीलाच समजून घेतलेले बरे. रेल्वे नेवासा तालुक्यातून जात नाही. दौंड-मनमाड मार्गावरील अहिल्यानगर, राहुरी किंवा बेलापूर या स्थानकांपर्यंत रस्त्यानेच जावे लागते.

वस्तीसाठी जागा निवडण्याचा या भूभागाचा इतिहास फार जुना आहे. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे येथील लाडमोड या टेकाडावर केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे एकाच वेळी वापरणाऱ्या शेतकरी समाजाचे, अवशेष सापडले. त्या लोकांचा निकष सरळ होता : नदी हाताशी असावी, पण पूर दारात येऊ नये. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमद निजामशहाने जुन्नर सोडून नवी राजधानी, म्हणजे आजचे नगर शहर, वसवली, तेव्हा त्याचा निकष अगदी निराळा होता. भिंगारजवळ १४९० मध्ये बहमनी फौजेवर मिळवलेल्या विजयाची ती भूमी तर होतीच, शिवाय फरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्याप्रमाणे जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मध्यावरची ही जागा दौलताबादवर वारंवार चालून जाण्यासाठी सोयीची होती. आजचा महामार्ग जवळपास त्याच दिशेने धावतो. पहिला निकष संसाराचा आणि दुसरा मोहिमेचा. आजच्या नोकरदार कुटुंबातही हे दोन निकष एकमेकांशी झगडत असतात, आणि बहुतेक वेळा मोहिमेचा निकष जिंकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले उदाहरण याच्या उलट आहे. अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युअल फेअरबँक यांचे कार्यक्षेत्र नगर जिल्ह्याचा हा उत्तरेकडचा भाग होता, आणि छावणी व बाजारपेठ असलेल्या नगर शहरात राहून अधूनमधून दौरे काढण्याऐवजी त्यांनी वडाळा बहिरोबा येथेच कुटुंबासह मुक्काम केला. धर्मप्रसाराच्या हेतूविषयी वाचकाचे मत काहीही असो, ज्या गावांत काम करायचे त्यांच्यातच घर करायचे, हा त्यांचा निर्णय आजही विचारात घेण्याजोगा आहे, कारण नेमका हाच प्रश्न गेली अनेक वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण प्रशासनात ‘मुख्यालयी राहणे’ या नावाने धुमसत आहे.

मुख्यालय म्हणजे कर्मचाऱ्याची नेमणूक ज्या गावी आहे ते गाव. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांनी तेथे राहावे आणि घरभाडे भत्ता घेताना तसे राहत असल्याचे दाखवावे, अशी शासनाची अपेक्षा असते. प्रत्यक्षात अनेक कुटुंबे तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी घर करतात आणि कमावती व्यक्ती रोज ‘अप-डाउन’ करते. गोदावरीपलीकडील गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये हा प्रश्न विधानसभेत मांडल्यावर राज्यभर वाद झाला. त्या वादात मुख्यालयी राहण्याचे कर्तव्य आणि शिक्षकांचा स्वाभिमान या दोहोंविषयी पुष्कळ बोलले गेले. पण खेड्यात भाड्याने मिळणारी घरे कशी असतात, त्यांत स्वतंत्र शौचालय व पाण्याची टाकी असते का, आणि पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील तर दोन मुख्यालयांपैकी संसार कोणत्या मुख्यालयी मांडायचा, हे मुद्दे मागे पडले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी २०१७ मध्ये आलेल्या बदली धोरणाने पती-पत्नी एकत्रीकरणासाठी ३० किलोमीटरचे अंतर मानले, म्हणजे दोघांच्या नेमणुका त्याहून दूर असतील तर बदलीत त्यांना प्राधान्य मिळावे, असे ठरले. ३० किलोमीटर हा आकडा कागदावर आटोपशीर दिसत असला, तरी महामार्गावरचे ३० किलोमीटर आणि एसटी दिवसातून दोनदाच जाते अशा आडवाटेवरचे ३० किलोमीटर यांत फार फरक आहे.

या परिसरात घर शोधणाऱ्याला तीन प्रकारच्या वस्त्या आढळतात. पहिला प्रकार गावठाणाचा. गावठाण म्हणजे महसुली नकाशावर राहण्यासाठी राखलेली जमीन. जुन्या भाषेत हिला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणत. येथे देऊळ, शाळा, पिठाची गिरणी आणि शेजार जवळ असतो, बोळ मात्र अरुंद असतात. दुसरा प्रकार वस्तीचा. मुळा धरणाचे पाणी उजव्या कालव्याने आल्यावर ज्यांची शेती बागायती झाली, त्यांनी गावातले घर सोडून मळ्यातच घरे बांधली, आणि आडनावांवरून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या उसाच्या फडांमध्ये पसरल्या. तेथे हवा मोकळी असते व भाडे कमी पडते. परंतु रात्री उसातून बिबट्या फिरतो, सिंगल फेज वीज गेली की अंधार होतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावरून दुचाकी निघत नाही. तिसरा प्रकार फाट्याचा, म्हणजे जेथे गावाचा रस्ता महामार्गाला मिळतो तेथे हॉटेले, गॅरेज, औषधांची दुकाने आणि नवे प्लॉट यांच्यामुळे वाढत गेलेल्या वस्तीचा. घोडेगावाचे वैशिष्ट्य असे की येथे गाव आणि फाटा एकमेकांपासून तुटलेले नाहीत, त्यामुळे नव्या कुटुंबाला गावठाणाचा शेजार आणि महामार्गाची बस या दोन्ही गोष्टी चालत जाण्याच्या अंतरावर मिळतात.

बाजाराचेही तसेच आहे. घोडेगावचा जनावरांचा बाजार शुक्रवारी भरतो आणि तो विशेषतः म्हशींसाठी दूरवर ओळखला जातो. जिल्ह्याबाहेरून आलेल्या गाड्यांमधून जनावरे उतरतात, दाव्यांनी खुंट्यांना बांधली जातात, हेडे म्हणजे जनावरांचे व्यापारी शिंगांचा पीळ, सडांची ठेवण आणि दात पाहत ओळीने फिरतात, आणि जुन्या पद्धतीचा सौदा असेल तर दोघांच्या हातांवर रुमाल टाकून त्याखाली बोटे धरून भाव सांगितला जातो, जेणेकरून बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याला तो कळू नये. शेतकरी म्हैस निवडताना जी सावधगिरी बाळगतो ती घर निवडणाऱ्याने शिकण्यासारखी आहे : तो विकणाऱ्याच्या तोंडचा दुधाचा आकडा ऐकून घेतो, पण शक्य असेल तर स्वतः धार काढून पाहतो, आणि सकाळी तुंबवून आणलेल्या कासेवर विश्वास ठेवत नाही. याशिवाय नेवासा बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार येथे असल्यामुळे लिलावाच्या दिवशी गोण्यांनी लादलेल्या ट्रॅक्टरांची आणि टेम्पोंची रांग लागते. गृहिणीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की भाजी ताजी व स्वस्त मिळते, दूध पातळ निघाले तर दुसरा गवळी सापडतो. आणि याचाच दुसरा अर्थ असा की बाजाराच्या दिवशी लहान मुलाला एकट्याने रस्ता ओलांडू देता येत नाही. रस्त्याला लागून असलेले घर घ्यावे की आतल्या आळीतले, याचे उत्तर शुक्रवारी सकाळी तेथे उभे राहिल्याशिवाय मिळत नाही.

सर्वांत अधिक वेळ मात्र पाण्याच्या चौकशीला द्यायला हवा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराने मोसमी ढग अडवल्यामुळे कमी पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात, नगर जिल्ह्याचा हा भाग येतो आणि वर्षाचा पाऊस साधारण पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. कालव्यामुळे परिसर हिरवा दिसतो, आणि हा हिरवेपणाच नव्या माणसाला फसवतो, कारण कालव्याचे पाणी आवर्तनाने, म्हणजे ठरावीक दिवसांच्या पाळीने येते, आणि ते पिकासाठी असते. २६ टीएमसी क्षमतेच्या मुळा धरणातले सगळे पाणी कालव्याखालच्या तालुक्यांचेच आहे असेही नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व आणले, आणि ऑक्टोबरच्या मध्याला मराठवाड्यातील जायकवाडी धरणाचा साठा ठरलेल्या पातळीच्या खाली असेल तर मुळा, भंडारदरा यांसारख्या वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे लागते. मराठवाड्याच्या बाजूने पाहता हा न्याय आहे, आणि नगरच्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहता ते रब्बीच्या तोंडावरचे संकट आहे. नोकरदार भाडेकरूला हा वाद दूरचा वाटतो, तरी आवर्तन लांबले की विहिरीची पातळी खाली जाते आणि घरमालकाची बोअर आटू लागते, तेव्हा तो वाद त्याच्या मोरीपर्यंत येऊन पोचतो.

जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे लक्ष्य ठेवले आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने २७५ लिटर लागते, म्हणजे नळ दोन दिवसांआड येत असेल तर साडेआठशे ते हजार लिटरची टाकी घरात असायला हवी, आणि ती भरण्यासाठी पाणी येण्याच्या वेळी कोणी तरी घरी थांबायला हवे. ते ‘कोणी तरी’ जवळजवळ नेहमी बाईच असते. पाणी किती येते याइतकेच ते कसे आहे हेही पाहावे. क्षारयुक्त बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याच्या बुडाला आठवडाभरात पांढरट थर धरतो, डाळ शिजायला गॅस जास्त जळतो, आणि पिण्यासाठी जारचे पाणी विकत घ्यावे लागते. घर दाखवणारा माणूस हॉलच्या फरशीकडे बोट दाखवत असतो. पाहणाऱ्याने स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोटीवर जमलेला क्षार पाहावा. जुलैमध्ये घर पाहणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, म्हणून घर मे महिन्यातच पाहिले पाहिजे.

शाळेच्या बाबतीत कायदा एक मोजमाप देतो. शिक्षणहक्काच्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी. लहान मूल असलेल्या कुटुंबासाठी हे एक किलोमीटर फार मोलाचे आहे. पाच वर्षांच्या मुलाला पस्तीस किलोमीटरवरच्या शहरातल्या नामांकित शाळेत घालण्यासाठी सारे घर शहरात नेणे आणि वडिलांनी रोज सत्तर किलोमीटर प्रवास करून मूल झोपल्यावर घरी पोचणे, यात मुलाचा लाभ नेमका कोणता, हे सांगणे कठीण आहे. अकरावी-बारावी विज्ञान आणि प्रवेशपरीक्षांच्या शिकवण्यांसाठी मात्र शहराला पर्याय कमी आहेत हे मान्य करावे लागते, आणि त्या दोन-तीन वर्षांपुरते घर नगरला हलवणारी कुटुंबे चुकतात असे म्हणता येणार नाही.

आरोग्याचे मोजमाप लोकसंख्येचे आहे : सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र. घरात हृदयविकाराचे म्हातारे माणूस किंवा गरोदर स्त्री असेल तर केंद्र किती अंतरावर आहे यापेक्षा रात्री दोन वाजता तेथे कोण असते आणि रुग्णवाहिका महामार्गावर किती मिनिटांत लागते, हे विचारायला हवे. या एका बाबतीत फाट्यालगतचे घर मळ्यातल्या प्रशस्त बंगल्यापेक्षा सरस ठरते.

भाड्याचे घर घेताना अकरा महिन्यांचा करार केवळ तोंडी ठेवण्याची पद्धत खेड्यांत सर्रास दिसते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे असा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नसला तर अनामत परत मिळवताना भाडेकरूची बाजू लंगडी पडते. जागा विकत घेऊन कायमचे राहण्याचा विचार असेल तर अधिक सावध राहावे. जो शेतकरी नाही त्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहसा विकत घेता येत नाही, आणि तुकडेबंदी कायद्यान्वये २०२३ मध्ये बागायतीसाठी १० गुंठे व जिरायतीसाठी २० गुंठे हे किमान क्षेत्र ठरवण्यात आले. महामार्गालगत पांढऱ्या चुन्याने आखलेले दोन-दोन गुंठ्यांचे प्लॉट ‘एनए होणारच आहे’ अशा आश्वासनावर विकले जातात, तेव्हा सातबारा उताऱ्यावर आज काय लिहिले आहे एवढेच पाहावे. गावठाणातील घरांचा पुरावा ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये असतो, आणि ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकतपत्रिका देणारी स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाल्यापासून त्या पुराव्याला बळकटी आली आहे.

यापुढचा मुद्दा घर दाखवताना कोणी बोलून दाखवत नाही. खेड्यात भाडेकरूला पहिला प्रश्न नावाचा आणि दुसरा आडनावाचा विचारला जातो, आणि दलित किंवा मुस्लिम कुटुंबाला अनेकदा त्यानंतर ‘खोली कालच गेली’ असे उत्तर मिळते. सोनई परिसरात १ जानेवारी २०१३ रोजी मेहतर समाजातील तीन तरुणांच्या निर्घृण हत्या झाल्या, आणि २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली. जातीच्या भिंती किती उंच आहेत याची ती भयंकर साक्ष आहे. त्याच सोनईपासून जवळ असलेल्या शनिशिंगणापूरची ख्याती मात्र घरांना दारे नसलेले गाव अशी आहे. तेथे युको बँकेने २०११ मध्ये कुलूप नसलेली शाखा उघडली, आणि गावाला स्वतंत्र पोलीस ठाणे २०१५ मध्ये मिळाले. देवावरच्या भरवशाने उंबऱ्याला दार न लावणारी परंपरा आदरणीय आहे. बाहेरून येणाऱ्या कुटुंबाला त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे आडनाव न विचारता उघडणारे दार, आणि ज्या आळीत ते मिळते ती आळी भाडे थोडे जास्त असले तरी निवडावी.

ज्यांना निवडच करता आली नाही अशा कुटुंबांचाही येथे उल्लेख व्हायला हवा. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचे उद्‌घाटन केले. सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरलेल्या त्याच्या नाथसागर या जलाशयाखाली पैठण व गंगापूरबरोबरच नेवासा आणि शेवगाव तालुक्यांतील गोदाकाठच्या जमिनी गेल्या. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये केला, म्हणजे ही गावे उठल्यावर. नव्या गावठाणात आखलेले रस्ते सरळ होते, पण जुन्या गावातील आळ्यांची रचना, पाणवठ्यावरची बायकांची भेट आणि नदीकाठची गाळपेराची जमीन तेथे नव्हती. ज्या गावांतील लोक एकत्र उठून एकाच ठिकाणी बसले, त्यांचा शेजार तरी टिकला. जी कुटुंबे पांगली त्यांना तोही राहिला नाही. स्वेच्छेने स्थलांतर करणाऱ्या नोकरदार कुटुंबाने यातून एवढे घ्यावे की घर बदलताना शेजार नव्याने उभा करावा लागतो, आणि रोज पहाटे बाहेर पडून रात्री परतणाऱ्या घराला तो कधीच उभा करता येत नाही.

हे सारे लक्षात घेता, कामाचे ठिकाण नेवासा तालुक्याच्या पश्चिमेकडच्या भागात असलेल्या आणि दहावीच्या आतली मुले असलेल्या कुटुंबाने नगर शहरात घर करून रोजचा प्रवास पत्करण्यापेक्षा घोडेगावात, महामार्गापासून दोन-तीन आळ्या आत, बिऱ्हाड करावे, हे अधिक शहाणपणाचे आहे. सोनईत शिक्षणाची सोय अधिक असली तरी महामार्गापासूनचे अंतर वाढते, आणि नेवाशात कचेऱ्या जवळ असल्या तरी पश्चिमेकडची गावे लांब पडतात. कारखान्याच्या वसाहतीत खोली मिळत असेल तर पाण्याचा प्रश्न बराच सुटतो, पण ते घर नोकरीला बांधलेले असते आणि नोकरीबरोबर जाते.

बदलीची शक्यता एप्रिलमध्ये कानावर आली की जूनची वाट पाहू नये. मे महिन्यात किमान चार शुक्रवार असतात. त्यांपैकी एक घोडेगावासाठी राखावा, आणि घर पाहायला जाताना घरातल्या बाईला व म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्यावे.